मुहूर्ताची हळद

९ फेब्रुवारी, पलूस

दिवाळीच्या पाडव्यानंतर आज वही उघडते आहे. क्षमा असावी. कामं होती हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. कामं होती तेव्हाही संध्याकाळची मालिका बघायला मला वेळ मिळत होताच. खरं म्हणजे, जे चाललंय ते लिहिलं की त्याला दृष्ट लागेल अशी भीती वाटत होती. रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला ही भीती शोभत नाही, म्हणून तीही लिहून ठेवते.

चाललंय ते असं. पलूसला आमच्या शेतकरी कंपनीची हळदीची गिरणी आहे. इथून उंब्रजपर्यंतचे हळदवाले तिचे सभासद. नेदरलँड्समधल्या एका मसाल्याच्या कंपनीला या गिरणीत पाव हिस्सा घ्यायचा आहे. शेतकरी कंपनीत बाहेरच्याला भाग घेता येत नाही, म्हणून गिरणीची वेगळी प्रायव्हेट कंपनी काढली. पाऊस संपल्यापासून मी त्याच कागदांत आहे. त्यांनी हिस्सा घेतला तर वाफेवर हळद शिजवायची यंत्रं येतील आणि पाच वर्षं आमची हळद घ्यायचं ते लिहून देतील. नाही घेतला तर गिरणी आत्तासारखीच हंगामापुरती चालेल आणि बाकी वर्षभर कुलूप. निम्मे सभासद आताच कंटाळलेत. ते सांगलीच्या सौद्यात परत जातील, आणि या वेळी त्यांना पुन्हा बोलवायला मला तोंड राहणार नाही. तीन हंगाम 'थोडं थांबा' म्हणत आले आहे.

काल उंब्रजला सभासदांची बैठक झाली. अध्यक्ष लालासाहेब तिथलेच. सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, ऊस आणि हळद करतात. त्या कंपनीची बाई गिरणी बघायला येणार हे आणि बाकी सगळं मी समजावून सांगितल्यावर एकजण उठला.

"ताई, ती गोरी बाई आमच्या रानाची मालकीन होनार का?"

"रानाची न्हाई, गिरनीची," लालासाहेब म्हणाले. "आन् ती बी पाव. तुझी बायकू तुझी जेवढी मालकीन हाय, त्याच्यापेक्षा लय कमी."

सगळे हसले. मग मागच्या बाजूने कुणीतरी विचारलं, "पाच वर्सांनी ती निघून गेली म्हंजी?"

यावर कुणी हसलं नाही. यंत्रं इथंच राहतील, असं मी सांगितलं. ते खरं आहे. पण गिऱ्हाईक नसताना ती यंत्रं काय करायची, हे त्याने विचारलं नाही आणि मी आपणहून काढलं नाही. येताना गाडीत तेच डोक्यात होतं. न विचारलेल्याचं उत्तर द्यायला माणूस कुठपर्यंत बांधलेला असतो?

१३ फेब्रुवारी

आज नव्या हळदीचा मुहूर्त. पहिल्या लॉटला तिघांचा माल लागला, त्यात बिराप्पाचा सगळ्यांत जास्त. बिराप्पा माळावरचा धनगर. पूर्वी मेंढरं राखायचा, आता दोन एकर हळद करतो आणि दरवर्षी पहिला हजर होतो. त्याचं हळकुंड मोडलं की आत केशरी. बाकीच्यांच्या मालाशेजारी ठेवलं तर बाकीचे फिके दिसतात.

गिरणीत मी महिनाभर सगळ्यांच्या मागे लागले आहे. डोक्याला टोपी, चपला बाहेर, बांगड्या काढून ठेवायच्या, तंबाखूचं नावही नको. परदेशी लोक येणार आहेत म्हणून नव्हे, असंच असायला हवं म्हणून, असं मी सांगते. बायका "व्हय व्हय" म्हणतात आणि एकमेकींकडे बघतात.

लालासाहेब पांढराशुभ्र सदरा आणि फेटा घालून आले. जत्रेतून आणलेला खंडोबाचा भंडारा पिशवीत होता. यंत्र सुरू व्हायच्या आधी त्यांनी "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत मुठीमुठीने तो उधळला. यंत्रावर, माल ओतायच्या हॉपरमध्ये, आमच्या सगळ्यांवर. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका एका क्षणात पिवळ्या झाल्या. क्षणभर वाटलं, थांबवावं. पण मी जैन. त्यांच्या देवाच्या कामात मी हात आडवा घातला तर त्याचा अर्थ भलताच निघेल. शिवाय हळदीवर हळदच पडत होती. नारळ मात्र बाहेर फोडायला लावला, आत पाणी नको म्हणून. तेवढं त्यांनी ऐकलं आणि मला बरं वाटलं.

पहिली पोती हार घालून, कुंकू लावून दारासमोरच मांडली आहेत. छान दिसतात.

१६ फेब्रुवारी

हानेके येऊन गेली. ही त्या कंपनीची बाई, पन्नाशीची, उंच, गिरणीत पाऊल टाकताच तीनदा शिंकली. मी यंत्रं दाखवायला निघाले तर तिने आधी मोरी बघितली, मग हात धुवायची जागा, मग बायकांचं शौचालय. यंत्रांकडे सगळ्यांत शेवटी वळली. लालासाहेबांनी तिला कडक सॅल्यूट ठोकला आणि मला हळूच म्हणाले, "अशी एक आमच्या पलटनीला पायजे व्हती. निम्मी पलटन पळून गेली आसती."

नमुने तिने स्वतःच्या हाताने घेतले, समोरच्या हार घातलेल्या पोत्यांतून. मी म्हटलं, मागची पोतीही बघा. ती म्हणाली, ही तुम्ही अभिमानाने पुढे ठेवली आहेत, मग हीच घेते.

दुपारी लालासाहेबांच्या पत्नी मनुबाईंनी पाठवलेला डबा उघडला. भाकरी आणि भरलं वांगं. हानेकेने दोन भाकऱ्या खाल्ल्या, डोळ्यांतून पाणी काढत. निघताना म्हणाली, नमुने चांगले आले तर एप्रिलमध्ये सह्या करू.

मी दोनदा विचारलं, काही कमी दिसलं का? मोरीला जाळी बसवा, म्हणाली. एवढंच.

२८ फेब्रुवारी



नमुन्यात रंग सापडला. कापडाला लावतात तो पिवळा रंग. खाण्यात चालत नाही, इथेही नाही आणि तिथे तर नाहीच. हानेकेचं पत्र चार ओळींचं आहे. मार्चच्या मध्यापर्यंत हा रंग कुठून आला ते सांगा, नाहीतर आम्हाला हे प्रकरण बंद करावं लागेल.

मी ते पत्र वाचत असतानाच बाहेर काट्यावर बिराप्पाचा दुसरा माल उतरत होता. पोत्यातून एक हळकुंड उचललं. इतकं पिवळं. सुकी हळकुंडं हातात खणखण वाजत होती. हळकुंडं ड्रममध्ये घोळवून पॉलिश करताना काही मळणीवाले रंग टाकतात, हे मी ऐकलेलं आहे. डोक्यात एकच आलं आणि मी बाहेर जाऊन सांगितलं, आज माल घेता येणार नाही.

"काय चुकलं का वहिनी?"

"तपासणी चालू आहे. थोडं थांबा."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग टेम्पोवाल्याला म्हणाला, "चल गड्या, चढव परत."

दिवस मावळायच्या आत घरी पोचले नाही, त्यामुळे जेवायचा प्रश्नच नव्हता. तसंही गेलं नसतं.

१ मार्च

माझे यजमान, अरिहंत, हायस्कुलात विज्ञान शिकवतात. सकाळी शाळेच्या प्रयोगशाळेतून हायड्रोक्लोरिक आम्ल घेऊन आले. "मुख्याध्यापकांना काय सांगू? बायको स्वयंपाकाला लागलीय म्हणून?" म्हणाले. मी परीक्षानळ्या मांडून दिल्या.

प्रत्येक शेतकऱ्याच्या मालाची एक पुडी मी बाजूला ठेवते. पूड पाण्यात घालायची आणि वर आम्ल. शुद्ध हळदही आधी गुलाबी होते, पण पाणी वाढवलं की तो रंग जातो. राहिला तर भेसळ. तिघांच्याही पुड्यांचा रंग गेला. बिराप्पाच्यासुद्धा. मग गिरणीतली पोती घेतली. समोरच्या हारवाल्या पोत्यांचा रंग जाईना. त्याच लॉटच्या मागच्या पोत्यांना काहीच नाही.

म्हणजे रंग रानातून आलेला नाही, गिरणीत आला.

"मग बिराप्पाला फोन केलास?" अरिहंतनी विचारलं.

मी म्हटलं, एका पुडीवरून काय सिद्ध होतं? एखाद्याच पोत्यात असेल. ते नळ्या धुवायला घेऊन गेले. बोलले असते तर बरं झालं असतं, मला वाद घालता आला असता.

४ मार्च

यंत्र उघडून पाहिलं. कुठे रंगाचा पोपडा उडालेला नाही, वंगण पांढरं आहे. कामावरच्या बायकांना एकेकीला बोलावून विचारलं आणि प्रत्येकीला विचारताना मला स्वतःची लाज वाटत होती. एक तर रडली. सांगलीच्या कुणा व्यापाऱ्याने मुद्दाम केलं असेल, असंही मनात येऊन गेलं. माणूस घाबरला की किती लवकर दुसऱ्याच्या नावावर येतो.

या व्यवहाराचे कागद बघणाऱ्या पुण्याच्या सल्लागारांना फोन केला. त्यांनी जरासुद्धा वेळ घेतला नाही. "मॅडम, दुसऱ्या लॉटचा नमुना पाठवा आणि नमुन्यांची अदलाबदल झाली म्हणून कळवा. तुमची हळद शुद्धच आहे ना? मग खोटं कुठं आलं?"

हळद शुद्धच आहे. दुसरा नमुना शुद्धच निघेल. तीनशे घरांचं भलं होईल. पत्र लिहूनही झालं माझं, इंग्रजीत, छान सफाईदार. पाठवलं नाही. का नाही पाठवलं, ते धैर्य होतं की नुसती भीती, मला सांगता येणार नाही.

संध्याकाळी लालासाहेबांचा फोन आला. त्यांना अजून काहीच माहीत नाही. "बिराप्पाला इचारलं, माल का आनला न्हाईस रं? तर म्हनतो, वाळायची हाय अजून."

वाळायची आहे? माझ्या हातात ती खणखण वाजत होती. हे मला खटकलं. ज्याचं मन स्वच्छ आहे तो सरळ सांगेल की वहिनींनी परत पाठवला. लालासाहेबांना मीही सांगितलं नाही. पण माझं वेगळं आहे. निदान मला तसं वाटतं.

६ मार्च

पत्राबद्दल आता अध्यक्षांना सांगणं भाग होतं, म्हणून आज उंब्रजला गेले. वाटेत वाक्यं जुळवत होते.

लालासाहेब रानात होते. मनुबाई अंगणात दोरीवर कपडे घालत होत्या. मला बघताच त्यांनी एक ओला सदरा माझ्यापुढे फडकावला.

"आवं ताई, तुमच्या गिरनीत हळद दळत्यात का डांबर?"

"का हो?"

"ह्यो बघा. मुहूर्ताच्या दिवशी घालून आल्यालं. किती येळा धुतला. हळदीला साबन लागला की कशी लालबुंद व्हती, मग उनात टाकला की जातो डाग. ह्यो लाल बी होईना आन् जाईना बी. म्हातारपनी सदऱ्याला नवरदेव करून बसल्यात!"

मी तो सदरा हातात घेतला. खांद्यावर, बाहीवर पिवळे ठिपके. साबणाने हळद लाल होते, हे मी परीक्षेत लिहून आले आहे. आम्लारीत रंग बदलतो. हा बदलत नव्हता. पण त्या दिवशी लालासाहेबांच्या अंगावर आमची हळद उडालीच नव्हती. भंडारा उधळून ते दारापाशी गेले आणि यंत्र नंतर सुरू झालं. अंगावर होता तो भंडारा.

मी तिथेच पायरीवर बसले. मनुबाईंना वाटलं, ऊन लागलं. त्यांनी गूळ आणि पाणी आणलं.

लालासाहेब आल्यावर मी म्हणाले, "सुभेदार, त्या दिवशीचा भंडारा उरलाय का? थोडा हवा होता."

केवढे खूश झाले. देवघरातून पिशवी आणली, आधी माझ्या कपाळाला लावला, मग कागदात बांधून दिला. "जैनाघरची लेक भंडारा मागती," मनुबाईंना म्हणाले, "ह्याला म्हनत्यात श्रद्धा!" मनुबाई म्हणाल्या, "तुमचा सदरा बघून मागितला आसंल." त्यांचं ते थट्टेतलं खरं होतं. आणि मी हसून पुडी पिशवीत टाकली. एका भल्या माणसाला फसवून आणलेला देवाचा प्रसाद.

पत्राबद्दल काहीच न बोलता परत आले.

७ मार्च

नळीतला रंग जांभळट गुलाबी झाला. पाणी घातलं. आणखी घातलं. नळी भरली. रंग तसाच.

सापडलं. इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी खुर्चीत बसून रडले. कुणी केलेलं नाही. शेतकऱ्याने नाही, बायकांनी नाही, व्यापाऱ्याने नाही. कुठल्याशा गाड्यावर विकलेली रंगवलेली पूड आणि आमचा पाच-सहा मुठी भक्तिभाव.

मग लक्षात आलं की मी तिथे उभी होते. टोपी, चपला, बांगड्या, नारळाचं पाणी, सगळं मला दिसलं होतं. जे दिसायला हवं होतं ते पिवळं होतं म्हणून दिसलं नाही.

आणि आता लालासाहेबांना काय सांगू? तुमच्या देवाच्या नावाने आणलेलं खोटं निघालं, हे एका जैन बाईने सांगायचं? सल्लागारांनी सुचवलेलं पत्र अजून मसुद्यात आहे. आज ते पुन्हा वाचलं. आता तर ते जवळजवळ खरंच झालं आहे: रंग आमच्या हळदीचा नव्हताच.

८ मार्च

सांगितलं. उंब्रजला जाऊन, त्यांच्या ओसरीवर, त्यांच्याच देखत दोन नळ्या करून दाखवल्या. एकीत आमची हळद, दुसरीत भंडारा.

त्यांनी दोन्ही नळ्या उजेडात धरून पाहिल्या. मला वाटलं, चिडतील. मग मनुबाईंकडे वळून म्हणाले, "जलमभर हळद केली. आन् देवाला गाड्यावरची इकत घेऊन घातली."

"मी म्हनलं व्हतं तवा," मनुबाई म्हणाल्या, "घरात डबं भरल्यात. तर म्हनं, देवाची देवाच्या दारातनंच आनायची आसती."

"तसंच करत्यात समदी."

"समद्यांची गिरनी हाय का?"

लालासाहेब ओशाळं हसले. मी सल्लागारांचा मार्गही सांगितला. लपवायला नको म्हणून सांगितला, की ते हो म्हणतील या आशेने, हे मला नीट ठरवता येत नाही.

ते ताठ झाले. "न्हाई ताई. पलटनीत एक कायदा व्हता. चूक झाली तर रिपोर्ट करायचा. लपवली तर मग ती चूक ऱ्हात न्हाई, गुन्हा हुतो. त्या मॅडमला फोन लावा. मी बोलतो."

"आधी मी लिहिते—"

"चूक माझी हाय. तुमी नुस्तं इंग्लिस करा."

१० मार्च

फोन झाला, चित्रासहित. लालासाहेब फेटा बांधून बसले होते.

"मॅडम, सुभेदार लालासाहेब. मिस्टेक माय," त्यांनी सुरुवात केली आणि पुढचं मराठीत सांगितलं. मी एकही शब्द मऊ न करता सांगायचा प्रयत्न केला. एका ठिकाणी "बावळटपणा" या शब्दाला मी सौम्य शब्द वापरला, तेवढा दोष माझा.

हानेके ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "पण हळदीच्या कारखान्यात हळद बाहेरून का आणली?"

मी विचारलं. लालासाहेब विचारात पडले. "तिला सांगा, त्या दिवसापत्तुर हे डोक्यातच आलं न्हवतं. कुनाच्याच."

मग मी माझं सांगितलं. हॉपरमध्ये पडताना मी बघत होते आणि परक्याच्या पूजेत बोलायचं कसं म्हणून गप्प बसले. हे सांगायची गरज होती का? अरिहंतना नंतर विचारलं, ते म्हणाले, होती. हानेकेने चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाली, तुमच्या पत्रात 'नमुन्यांची अदलाबदल' असं काही येईल असं तिच्या कचेरीतले लोक म्हणत होते. दर वेळी तसंच येतं. मग अशांना नकार कसा लिहायचा तेही त्यांचं ठरलेलं असतं.

अटी तीन. ती पोती साक्षीदारांसमोर नष्ट करायची. बाहेरचा माणूस येऊन प्रत्येक लॉटचा नमुना घेईल. आणि यंत्राच्या खोलीत काहीही, कुठलंही, कुणाचंही आत न्यायचं नाही. शेवटची अट मराठीत सांगताना मी अडखळले. लालासाहेबांनी माझ्याआधीच मान हलवली. "देव दाराबाहेर उभा ऱ्हाईल. त्येला काय घाई न्हाई."

हो किंवा नाही ती म्हणाली नाही. नमुने बघून, म्हणाली.

१२ मार्च

गिरणीमागे खड्डा काढून मुहूर्ताची पोती पुरली. हार अजून त्यांच्यावरच होते, सुकलेले. जमलेल्यांपैकी एका सभासदाने मला बाजूला घेतलं. "ताई, फेकायचं कशाला? आठवड्याच्या बाजारात खपंल. आपल्यात कोन तपासतंय?"

मी काही बोलायच्या आत लालासाहेबांनी ऐकलं. "आपल्यात म्हंजी कुनात रं? तुझ्या पोरांनीच खायची नव्हं ती?"

तो फावडं उचलून खड्ड्याकडे गेला. हा विचार चार दिवसांपूर्वी मलाही शिवून गेला होता. परदेशात चालत नाही म्हणून आपण इतकं धावलो. इथेही चालत नाही, हे कायद्यात लिहिलेलं असूनही आधी आठवत नाही.

लालासाहेबांनी सगळ्यांसमोर जे झालं ते स्वतःच सांगितलं. जत्रा, गाडा, मुठी, सगळं. कुणीतरी म्हणालं, "मंग माझ्या घरात हाय त्यो भंडारा बी तसलाच?" त्यानंतर जी गडबड झाली ती पाहता पुढच्या वर्षी गावोगावच्या हळदवाल्यांच्या घरून देवाला घरचीच हळद जाईल असं दिसतं.

बिराप्पा आला नव्हता.

२७ मार्च

आलं. सगळे लॉट स्वच्छ. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात हानेके सह्या करायला येते आहे आणि पत्राच्या खाली एक ओळ आहे: मोरीला जाळी बसली का?

बसली आहे. मी तिला फोटो पाठवला.

लालासाहेबांना फोन केला. 'नमुने आले' एवढंच म्हणाले आणि पलीकडून मनुबाईंचा आवाज आला: "ताई, ह्यांनी फोन माझ्याकडं दिला. बोलता येईना त्यांना. बरं झालं का वाईट, तेवढं सांगा." बरं झालं, म्हटलं. "मग रडाय काय झालं ह्यांना?" त्या म्हणाल्या.

गिरणीतल्या बायकांना सांगितलं. जी रडली होती तिची मी माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या की ताई, मी तर घरातल्या भांडनामुळं रडले व्हते." खरं की मला मोकळं करायला, कुणास ठाऊक. आज बऱ्याच दिवसांनी वेळेवर, उन्हं असतानाच जेवले. दोनदा भात घेतला. पाच वर्षांनी ते गेले तर काय, हा प्रश्न अजून आहे तिथेच आहे. पण पुढच्या बैठकीत कुणी विचारायच्या आधी मीच तो काढणार आहे.

जेवताना अरिहंतनी सांगितलं, ते शाळेतून येताना माळावरून आले. बिराप्पाच्या घराशेजारी पोती रचलेली आहेत, ताडपत्री नीट ताणून बांधलेली. तोंडं शिवलेली, आमच्या कंपनीचं लेबल अजून लावलेलं. एका व्यापाऱ्याचा टेम्पो त्याच्या दारातून रिकामाच परत जाताना दिसला. आणि कट्ट्यावर कुणी विचारलं तर तो अजूनही हेच सांगतो म्हणे, हळद वाळायची आहे.

शिवलेली पोती वाळणार कशी, ते मला कळलं नाही. माझ्यावर रागावला असेल म्हणावं, तर त्याने दुसऱ्याला विकून टाकली असती. माझं नावही कुठे घेतलेलं दिसत नाही. "त्याने कुणालाच का सांगितलं नसेल?" मी अरिहंतना विचारलं. "गिरणीचं नाव खराब होईल म्हणून. तू थांबायला सांगितलंस, तो थांबलाय," ते म्हणाले आणि ताक वाढून घेतलं.

उद्या : टेम्पो घेऊन बिराप्पाकडे जाणे. माणूस पाठवायचा नाही, स्वतः.